बर्फाच्या पोटातले थर

विरार पूर्वेला राहणाऱ्या एका ट्रेक लीडरच्या घरात दोन सॅक वर्षभर भरलेल्या असतात. पहिलीत पावसाळी सह्याद्रीचं सामान असतं: दोर, प्रथमोपचाराची पेटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बॅटऱ्या. दुसरीत ॲल्युमिनियमचं सुटं होणारं फावडं, तुकडे जोडले की अडीच-तीन मीटर लांब होणारी प्रोब नावाची सळई आणि छातीवर बांधायचा ट्रान्सीव्हर. जून ते सप्टेंबर तांदुळवाडी, कामणदुर्ग, तुंगारेश्वरचं जंगल. डिसेंबर ते मे उत्तराखंड आणि हिमाचल. या कामावर त्याचं घर चालतं. पहिली सॅक कशासाठी, हे शेजाऱ्यांना कळतं. दुसरीतलं फावडं मात्र त्याच्याबरोबर पैसे भरून जाणाऱ्यांनाही कोड्यात टाकतं.

वसई-विरारचा माणूस बर्फात वाढलेला नाही. या लीडरच्या लहानपणी बर्फ म्हणजे अर्नाळ्याला मासळीच्या टोपल्यांवर टाकायचा चुरा. डोंगराची ओळख जीवदानीच्या पायऱ्यांवर झाली, कॉलेजात किल्ल्यांचा नाद लागला, आणि पुढे उत्तराखंडात बेसिक आणि ॲडव्हान्स हे गिर्यारोहणाचे दोन कोर्स झाले. तिथे दोराच्या गाठी, बुटांना काटेरी क्रॅम्पॉन लावून चालणं, घसरल्यावर आइस ॲक्सनं स्वतःला थांबवणं हे सगळं शरीरात भिनलं. पण ज्या बर्फावर उभं राहायचं त्याच्या आत काय चाललंय, हे तो नंतर शिकला. काही पुस्तकांतून, बरंचसं तिथल्याच सांकरी आणि लोहाजंग या गावांतल्या जुन्या माणसांकडून, आणि सर्वात जास्त स्वतः खड्डे खणून.

गेल्या काही वर्षांत वसई, नालासोपारा, विरारमधून हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांची रांग लागली आहे. नर्स, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुलं. डेहराडूनपर्यंत रेल्वे, तिथून जवळपास दोनशे किलोमीटर घाटाचा रस्ता, की सांकरी. आणि सांकरीहून साडेबारा हजार फुटांचा केदारकंठा. बहुतेकांनी त्याआधी बर्फ पाहिलेलाही नसतो. निघण्यापूर्वीच्या बैठकीत विचारलं जातं ते थंडीबद्दल, बुटांबद्दल, मोबाइलच्या रेंजबद्दल. हे प्रश्न योग्यच आहेत. पण वाटेवरचा उतार किती अंशांचा आहे, हे कोणी विचारत नाही, आणि लीडरच्या मनात सतत तोच प्रश्न असतो.

सह्याद्रीत वाढलेला डोळा कड्याला घाबरतो. उभी भिंत दिसली की पाय आपोआप जपून पडतो. बर्फात ही सवय उलटी अंगाशी येते, कारण फार उभ्या भिंतीवर बर्फ साठतच नाही. पडला की लगेच घरंगळून जातो. थर पूर्ण सुटून खाली येण्याचा प्रकार, ज्याला स्लॅब म्हणतात, बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर घडतो, आणि त्यातही 38 अंशांच्या आसपास सर्वाधिक. हा उतार डोळ्याला भीतीदायक वाटत नाही. पांढरा, गुळगुळीत, एकही दगड नसलेला. फोटोत सर्वात सुंदर दिसतो तो हाच. म्हणून लीडर आता नजरेवर भरवसा ठेवत नाही. काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून तिच्यावर कोनमापक धरतो. आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. वाट सपाट असली तरी तिच्या डोक्यावर तसा उतार असेल, तर वरून सुटलेलं सगळं वाटेवरच येणार.

हिमालयात हिवाळ्यात बर्फ येतो तो मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या वादळांची रांग डिसेंबर ते मार्च चालू असते. प्रत्येक वादळ एक थर टाकून जातं. दोन वादळांच्या मधल्या दिवसांत त्या थराचं ऊन, वारा आणि रात्रीची थंडी मिळून काहीतरी वेगळंच करून टाकतात, मग त्यावर पुढचा थर पडतो. एप्रिलपर्यंत साठलेला बर्फ म्हणजे त्या हिवाळ्याची दिनवहीच असते, फक्त ती वाचायला खणावं लागतं.

लीडर खणतो. वाटेवर नाही, तर जिथून जायचं आहे त्याच दिशेला तोंड करून असलेल्या, पण छोट्या आणि सुरक्षित उतारावर. छातीइतका खोल, दीड मीटर रुंद खड्डा. वरच्या बाजूची भिंत फावड्यानं सरळ तासायची, हातमोज्यानं हलकेच झाडायची, की थर दिसू लागतात. काही डोळ्याला दिसतात, काही बोटाला. भिंतीत मूठ सहज घुसते तो सर्वात मऊ थर. चार बोटं घुसतात तो त्याहून घट्ट. मग एक बोट, मग पेन्सिल, मग चाकू. वर घट्ट आणि खाली मऊ असा क्रम लागला की लीडरच्या कपाळावर आठी पडते. वजनदार पाटी वर आणि तिला धरून ठेवणारं काही खाली नाही, असा त्याचा अर्थ.

सर्वात वाईट थर बहुधा तळाशी, जमिनीलगत सापडतो. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. वर हवा रात्री उणे पंधरापर्यंत जाते. बर्फ सात-आठ फूट जाड असेल तर हा फरक एवढ्या जाडीत विभागला जातो आणि आतले कण हळूहळू गोल होत एकमेकांना चिकटतात. पण नोव्हेंबर-डिसेंबरात दीड-दोन फूटच बर्फ पडला आणि मग आकाश आठवडेच्या आठवडे निरभ्र राहिलं, तर तेवढ्याशा जाडीत तोच फरक ठासून बसतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की खालच्या उबदार कणांतली वाफ वर सरकते, वरच्या गार कणांवर बसते, आणि कोनाकोनांचे मोठे, चकाकणारे दाणे तयार होतात. मूठभर हातात घेतले तर वसईच्या मिठागरातल्या जाड्या मिठासारखे लागतात. कितीही दाबा, लाडू वळत नाही. हा थर स्वतःहून बरा होत नाही, निदान लवकर होत नाही. त्यावर जानेवारीत एक मोठं वादळ तीन फूट बर्फ टाकून जातं, आणि ते सगळं वजन या सुट्या दाण्यांवर तोलून राहतं.

म्हणूनच 'यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी' हे वाक्य त्याला सर्वात जास्त खटकतं. कमी बर्फाचा डिसेंबर अनेकदा धोकादायक फेब्रुवारीची तयारी करत असतो.

खड्ड्यातलं पुढचं काम म्हणजे चाचणी. तीस सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी खांब मागून आणि बाजूंनी कापून मोकळा करायचा. त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर दहा थापा फक्त मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारायच्या. खांब कितव्या थापेला कुठे तुटला, हे तर पाहायचंच, पण कसा तुटला हे जास्त महत्त्वाचं. वेडावाकडा चुरा होत बसला तर एक अर्थ. वरचा तुकडा सपाट, स्वच्छ पृष्ठभागावरून झटक्यात पुढे सरकला तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात भेग एकदा पडली की ती पळते. ती किती पळेल हे पाहायला मग नव्वद सेंटिमीटर रुंदीचा खांब कापतात आणि एका टोकाला थापा मारतात. भेग दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर त्या दिवशी त्या उतारावर पाय ठेवायचा नाही.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. मागे वीस माणसं गारठत उभी असतात, कोणी तरी चहा विचारतं. खड्डा खणून मिळालेलं उत्तरही त्या जागेपुरतंच असतं; वीस मीटर बाजूला वाऱ्यानं वेगळंच काही रचलेलं असू शकतं. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्यापलीकडे, आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आणि हे काम तो आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगानं करू शकतो. रात्री कणभरही बर्फ पडला नसला तरी सकाळी आडोशाचा उतार नव्यानं लादलेला असतो. त्यामुळे लीडर खड्ड्याला अंतिम निकाल मानत नाही. कालपरवा आसपास कुठे बर्फ सुटलेला दिसतो का, पावलागणिक भेगा पुढे धावतात का, दुपारी अचानक ऊब वाढली का, हे तो सतत बघत असतो. आणि एक आवाज. पायाखालचा मोठा पट्टा एकदम दबला की आतून 'वुफ्' असा खोल आवाज येतो. कमकुवत थर तुटून खाली बसल्याचा तो आवाज असतो. उतार चढा असेल तर त्यानंतर काही सुचायला वेळ मिळत नाही. कोरड्या बर्फाचा स्लॅब काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो.

यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि लीडर ती प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो. फिरायला गेलेल्यांचा हिमस्खलनात जीव जातो तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेलं असतं. म्हणजे हे फक्त वरून कोसळणारं संकट नव्हे. आपलं वजन, आपण निवडलेली वेळ आणि आपण एकत्र गर्दी करून उभं राहिलेली जागा, या तिन्हींचा त्यात भाग असतो, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

भारतात या धोक्याचा सर्वात जास्त भार सैनिकांनी सोसला आहे. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनमधल्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा एक जवान होता. धारवाड जिल्ह्याचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, सारा देश त्यांच्यासाठी थांबला, आणि 11 फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून नौदलाची एक तुकडी त्रिशूल शिखरासाठी निघाली; 1 ऑक्टोबरच्या पहाटे शिखराच्या जवळ तिच्यातली माणसं हिमस्खलनात सापडली. पुढच्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 2022 रोजी, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक 'द्रौपदी का डांडा-2' या 5,670 मीटरच्या शिखराकडे चढत होते. सकाळी नऊच्या आसपास उतार सुटला. एकोणतीस जण गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतरानं एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं सर केली होती.

त्या बातमीनंतर विरारच्या या लीडरच्या घरात बराच काळ एक विषय टळत राहिला. त्याच्या आईनं फक्त एवढंच विचारलं, "त्यांना तर सगळं येत होतं ना रे?" येत होतं. यात शिकलेल्यांना सूट नसते. कौशल्य वाढलं की माणूस जास्त वेळा, जास्त उंचीवर, जास्त अवघड उतारांवर जातो. एकूण हिशेबात धोका कमी होतोच असं नाही. द्रौपदी का डांडावर जे घडलं त्याचा दोष मुंबईत बसून कोणावर ठेवणं त्याला पटत नाही. त्यातून त्यानं स्वतःसाठी एक नियम घेतला: संशयाच्या उतारावर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी उभे, डोळे त्या एकट्यावर. स्खलन झालंच तर एक जण सापडावा आणि शोधायला बाकीचे उरावेत.

कारण शोधणारे तेच असतात. युरोपातल्या शेकडो अपघातांच्या अभ्यासातून निघालेले आकडे लीडरच्या तोंडपाठ आहेत. पुरता गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर तीनच. मृत्यू थंडीनं येत नाही, बहुतेकदा गुदमरून येतो. वाहणारा बर्फ थांबताक्षणी इतका घट्ट होतो की आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. हेलिकॉप्टर, आपत्ती दल, सैन्य, सगळे येतात, मनापासून येतात, पण पंधरा मिनिटांत कोणीच येऊ शकत नाही. सियाचिनचा जवान सहा दिवस टिकला हा अपवाद होता.

म्हणून ती दुसरी सॅक. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतो. कोणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापले संच 'शोध'वर टाकायचे; पडद्यावरचा बाण आणि अंतराचा आकडा बघत जवळ जायचं, शेवटच्या तीन मीटरांत संच बर्फाला टेकवून आडवा-उभा फिरवायचा, सर्वात लहान आकडा मिळाला तिथून प्रोब खुपसायला सुरुवात करायची. प्रोब माणसाला लागली की ती काढायची नाही. खणायचं ते बरोबर वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूनं, आत घुसत. सर्वात जास्त वेळ खाणारं काम हे खणणंच असतं. ते चुकीच्या जागेवरून सुरू केलं तर तिथेच बाजी हरते.

हा सराव तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजोडीच्या किनाऱ्यावर घेतो. ओहोटीच्या वेळी सकाळी लवकर, डब्यात घातलेला ट्रान्सीव्हर वाळूत मीटरभर खोल पुरायचा, मुलांना पाठ करून उभं करायचं आणि घड्याळ लावायचं. पहिल्या फेरीत सगळे धावतात, एकमेकांवर ओरडतात आणि संच 'शोध'वर टाकायचंच विसरतात. दोन-तीन सकाळींनंतर आवाज कमी होतो. एक जण सूचना देतो, दोघं शोधतात, बाकीचे फावडी जोडून तयार. किनाऱ्यावर फिरायला आलेले लोक थांबून बघतात, विचारतात, काही हरवलं का? लीडर त्यांनाही समजावून सांगतो, कारण त्यांच्यापैकी कोणाची तरी मुलगी पुढच्या जानेवारीत बर्फात जाणारच असते. हिमालयातलं सर्वात गरजेचं शिक्षण समुद्रकाठी देता येतं, आणि वसई-विरारमधल्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपनं ते द्यायला हवं. अर्थात केदारकंठ्यासारख्या नेहमीच्या वाटेवर नेणारे फारच थोडे आयोजक ही साधनं बाळगतात. एका माणसाच्या संचाला खर्च येतो, हे खरं. पण साधन परवडत नसेल, तर ज्या उतारावर साधन लागेल तिथे जाऊ नये, एवढं तरी पाळलं पाहिजे.

त्याच्या कामातला सर्वात कठीण दिवस असा होता, की त्या दिवशी काहीच घडलं नाही.

हिमाचलातली एक खिंड, मे महिन्याची सुरुवात. वसंतातल्या बर्फाचं गणित वेगळं असतं: रात्री वरचा थर गोठून कडक होतो, उन्हं वर आली की पाणी आत झिरपतं आणि सगळा थर जड, सैल होत जातो. म्हणून खिंड पहाटे ओलांडायची आणि ऊन तापायच्या आत पलीकडे उतरायचं. त्या रात्री ढग राहिले, बर्फ गोठलाच नाही. पहाटे तीनला पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. खिंडीखालचा उतार सुरू होण्याआधीच्या सपाटीवर दोनदा तो खोल आवाज आला. लीडरनं तुकडी मागे वळवली.

वर्षभर पैसे साठवून, रजा जोडून आलेली माणसं. काही रडली. एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं की पुन्हा कधी येणार आम्ही इथे. आणि तेवढ्यात दुसरी एक तुकडी त्यांच्याच शेजारून वर गेली, खिंडीवर पोचली, पलीकडे उतरली, संध्याकाळी त्यांचे फोटोही आले. उतार सुटला नाही. ज्या कंपनीसाठी तो त्या हंगामात काम करत होता, तिच्याकडे पैसे परत मागणारी पत्रं गेली, आणि पुढच्या महिन्यात त्याला कमी तुकड्या मिळाल्या.

बरोबर निर्णयाचा पुरावा कधीच मिळत नाही, ही या कामातली खरी अडचण आहे. मागे फिरलेल्या शंभर वेळांपैकी कदाचित पाच वेळाच उतार सुटला असता. उरलेल्या पंचाण्णव वेळा लीडर भित्रा ठरतो. उलट धोक्याच्या उतारावरून सुखरूप जाऊन आलेला माणूस दरवेळी थोडा जास्त निर्धास्त होतो, कारण बर्फानं त्याला चूक दाखवलेलीच नसते. अमेरिकेतले संशोधक इयन मॅकॅमन यांनी तिथल्या सातशेहून अधिक अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असं दिसलं की अडकलेल्यांपैकी अनेकांना धोका ओळखण्याचं शिक्षण मिळालेलं होतं आणि धोक्याच्या खुणा समोर होत्या. तरी ते गेले. वाट ओळखीची होती, इतक्या लांब आलोच आहोत असं वाटलं, पुढे कोणाच्या तरी पावलांच्या खुणा दिसत होत्या, किंवा गटातल्या अनुभवी माणसाला माहीत असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. हे वाचताना विरारच्या लीडरला अमेरिका परकी वाटली नाही. शेजारून वर गेलेल्या तुकडीच्या पावलांकडे बघत उभी असलेली आपली माणसं त्याला आठवली.

सरकारी इशाऱ्यांची व्यवस्था आपल्याकडे आहे. 1969 मध्ये मनालीला सुरू झालेली 'सासे' ही संरक्षण संशोधन विभागाची संस्था बर्फाचा अभ्यास करत असे; 2020 मध्ये ती 'डीजीआरई' या नव्या संस्थेत विलीन झाली. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी ती हिमस्खलनाचे इशारे देते. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर स्खलन आलं, चोपन्न कामगार त्याखाली अडकले आणि आठ मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या संध्याकाळी चमोली जिल्ह्यासाठी इशारा निघालेला होता. इशारा निघणं आणि तो उतारावरच्या माणसापर्यंत वेळेत पोचून त्यावर कृती होणं, यातलं अंतर अजून मोठं आहे. शिवाय हे इशारे जिल्ह्याच्या पातळीवरचे असतात. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था 1945 पासून पत्रकं काढते, आणि आज ती कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, कोणत्या प्रकारचा धोका, इतकं बारीक सांगते. एक ते पाच अशी तिथली धोक्याची पट्टी आहे. सर्वाधिक मृत्यू पाचवर किंवा चारवर होत नाहीत, तीनवर होतात: खुणा कमी, मोह जास्त. आपल्याकडे इतकी बारीक माहिती ट्रेकच्या वाटांसाठी मिळत नाही, म्हणून तिची भरपाई लीडरला फावड्यानं करावी लागते.

पर्यटकांची गोष्ट तर आणखी साधी आणि म्हणून जास्त दुःखद आहे. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ स्खलन झालं आणि सात जण गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता. पुढे बर्फ जास्त चांगला होता, एवढंच.

जूनमध्ये लीडर घरी येतो, पहिली सॅक उचलतो, आणि त्याची नजर पुन्हा उतारावरच असते. फरक एवढाच, की आता उतार मातीचे असतात आणि त्यांच्या पायथ्याशी माणसं राहतात. 13 जुलै 2022 च्या सकाळी वसई पूर्वेला राजीवलीच्या वाघरळपाड्यात दरड घरावर आली आणि एका कुटुंबातले वडील आणि मुलगी गेली. माळीण 2014 मध्ये दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी 2023 मध्ये. दोन्ही दुर्घटना जुलैतल्या, दोन्ही मुसळधार पावसातल्या. बर्फ आणि माती यांचं शास्त्र वेगळं आहे, पण उतार सुटण्यामागचं गणित तेच: वजन वाढतं, धरून ठेवणारी पकड कमी होते. मातीत मुरलेलं पाणी ही दोन्ही कामं एकदम करतं. त्यात कोणी पायथा खोदला असेल, पाण्याची जुनी वाट बुजवली असेल, तर पकड आधीच गेलेली असते. वसई-विरारच्या पूर्वेकडच्या टेकड्या कापून चाळी उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांना मागे फिरायला दुसरी जागा नाही. ट्रेकरनं पैसे भरून पत्करलेला धोका आणि स्वस्त भाड्यामुळे गळ्यात पडलेला धोका एका मापानं मोजता येत नाही. पावसाळ्याआधी नोटीस चिकटवून महापालिकेचं काम संपत नाही. सलग दोन-तीन दिवस मुसळधार झाला की त्या रात्री माणसांना झोपायला पक्कं छप्पर मिळालं पाहिजे, आणि तेही उतार सुटण्याआधी. जमिनीला नवी भेग, कललेलं झाड किंवा विजेचा खांब, नेहमी स्वच्छ वाहणारं पाणी एकाएकी गढूळ होणं, या खुणा दिसताच आपण होऊन घर सोडून सगळ्यांना बाहेर काढावं, हे लीडर त्या भागातल्या ओळखीच्यांना दर जूनमध्ये सांगतो.

ऑक्टोबर सरतासरता हिवाळ्याची नोंदणी सुरू होते. वसई-विरारमधून यंदा जे बर्फात जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात. वाटेवर तीस अंशांहून जास्त उतार कुठे आहे? तिथे बर्फ सुटला तर शोधायला बरोबर काय आहे आणि ते कोणाला वापरता येतं? आणि लीडरनं मागे फिरवलं तर त्याच्या मजुरीतून काही कापलं जाणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आणि डोंगरात तो 'परत' म्हणाला, की शेजारून कोण वर चाललंय हे न बघता वळा.